डोंगरावरची ऊब

गुणवंतला गाडीची किल्लीही धरता येईना, तेव्हा सुचित्रा पहिल्यांदा घाबरली.

अर्धा तास तो गारांच्या माऱ्यात टायरखाली दगड सरकवत होता. जेबेल जैस डोंगरावर बर्फ पडल्याचा व्हिडिओ पहाटे ग्रुपवर आला आणि तिघं मोहम्मद बिन झायद सिटीतून तसेच निघाले होते. वर जायचा रस्ता पोलिसांनी बंद केलेला. "मागून एक कच्चा ट्रॅक आहे, यल्ला, चला!" गुणवंत म्हणाला होता. त्याच ट्रॅकवर गाडीचा तळ खडकावर आपटला आणि इंजिन बंद पडलं. मोबाइलला रेंज नव्हती.

"अहो, आत बसा आता. भिजलाय किती!"

"का... काही नाही होत." त्याची जीभ जड झाली होती. मघापर्यंत थडथड उडणारं अंग मात्र शांत होतं.

"ही स्टॉप्ड शिव्हरिंग. दॅट्स गुड, ना?" त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीने, वैभवीने विचारलं.

सुचित्राला ते चांगलं वाटेना.

तेवढ्यात वरून हाक आली. तीसेक पावलांवर दगडी घर होतं. त्याच्या ठेंगण्या दारात काळ्या अबायातली एक म्हातारी हात हलवत होती. दोघींनी गुणवंतला दोन्ही बाजूंनी धरलं आणि निसरड्या दगडांवरून कसंबसं वर नेलं.

आत उतरायला तीन पायऱ्या होत्या. घराची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा खोल होती. घोंघावणारा वारा डोक्यावरून निघून जात होता. म्हातारीने गुणवंतच्या गालाला हाताची पाठ लावली, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि भराभर बोलू लागली.

"ओले कपडे काढा म्हणते," वैभवीने शाळेतल्या अरबीच्या जोरावर सांगितलं. "ऑल ऑफ देम. नाऊ."

सुचित्रा त्याचे हात चोळायला लागली. म्हातारीने तिच्या हातावर चापट मारली.

"हात नको चोळूस म्हणते. आधी पोट, छाती. हात नंतर."

कोपऱ्यात वाळलेल्या गवताची गादी होती. मधोमध माणूस निजल्याचा खळगा पडलेला. त्यात तिने गुणवंतला झोपवलं, वरून गवत रचलं, आपली शाल टाकली. मग सुचित्राकडे हात पसरला. आग आहे का? सुचित्राने पर्समधला लायटर दिला. म्हातारीने तो उलटासुलटा करून पाहिला आणि वैभवीच्या हातात ठेवला. सरपण दिसत नव्हतं. ती सरळ उठली, दाराची एक फळी पायाखाली दाबली आणि कडकन मोडली.

"अहो, दार कशाला मोडताय!" सुचित्रा मराठीतच ओरडली.

म्हातारी हसली. मोडक्या जागी तिने गवताचा बोळा कोंबला. धूर छताच्या फटीतून सुतासारखा सरळ वर गेला.

वैभवी ओढ्याच्या पात्रातले गुळगुळीत दगड वेचून घेऊन आली, तर म्हातारीने ते भिरकावून दिले. पाण्यातला दगड आगीत फुटतो, असं हाताने स्फोट करून दाखवलं. स्वतः उतारावर जाऊन कोरडे दगड घेऊन आली. पायांत पातळ सपाता होत्या, पण पाऊल एकदाही चुकलं नाही. दगड निखाऱ्यांत तापवून, वैभवीच्या मोज्यांत घालून तिने ते गुणवंतच्या काखेत ठेवले. आधी प्रत्येक दगड स्वतःच्या गालाला लावून पाहिला.

"तुमचं नाव काय?" वैभवीने विचारलं.

म्हातारीने उत्तरादाखल तिच्या हातात आग फुंकायला एक पोकळ काटकी दिली.

"इथं आणखी कोण असतं, विचार," सुचित्रा म्हणाली.

"कोणीतरी बकऱ्यांमागे गेलंय म्हणते. येतीलच."

तासाभराने गुणवंत पुन्हा थडथडू लागला. सुचित्रा घाबरून पुढे झाली, पण म्हातारीने टाळी वाजवली आणि "अल-हम्दुलिल्ला!" म्हणाली. आता कुठे शरीर स्वतः झगडायला लागलं होतं. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले.

"ऑफिसला कळवलं का?" त्याने विचारलं.

सुचित्रा हसता हसता रडायला लागली. बावीस अंशांवर एसी ठेवून शाल पांघरणारी ती. या बाईने फळी, गवत आणि दगड एवढ्यावर तिच्या नवऱ्याला परत आणलं होतं. शाळेत गेली असेल की नाही कोण जाणे. काय ही माणसं, काय त्यांचं शहाणपण! तिने वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला.

दुपारी धुकं विरलं. खाली हॉर्न वाजला. पोलिसांची गाडी होती. पुढच्या सीटवरून पांढरा पायघोळ कंदुरा घातलेला एक तरुण उतरला आणि धडपडत वर धावत आला. दारात म्हातारीला पाहिल्यावर त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मैं फहद," तो हिंदीत म्हणाला. "यम्ना दादी का पोता."

"तुमच्या दादींमुळे माझा नवरा वाचला," सुचित्रा त्याला म्हणाली. "एवढ्या थंडीत इथं एकट्या राहतात, कमाल आहे हो त्यांची!"

फहदने मान हलवली.

"हे दादीचं जुनं घर. इथं साठ वर्षांत कुणी राहिलेलं नाही," तो म्हणाला. "काल आम्ही तिला खाली पिकनिकला आणलं होतं, आमची नजर चुकली. तेव्हापासून डोंगरभर शोधतोय. तीन वर्षं झाली, आम्ही भरवलं नाही तर ती जेवायचंसुद्धा विसरते."