तेहतीसवरचा आवाज

ग्रामोफोनचा खटका पंचेचाळीसच्या अंकावर बसला, आणि प्लेटवरच्या त्या बाईचा आवाज बदलला.

लाउडस्पीकरवाल्या सोपानने दचकून सुई उचलली. कोल्हारच्या वस्तीत, भीमजयंतीसाठी घातलेल्या मंडपात त्या वेळी तो एकटाच होता. गायनाचा कार्यक्रम थोड्या वेळाने, ऊन कलल्यावर होता. त्याने सुई पुन्हा प्लेटवर ठेवली. पुन्हा तेच. वर्षभर ऐकलेला तो भारदस्त, संथ, विहिरीच्या तळाकडून चढत येणारा आवाज नाहीसा झाला होता. त्याच्या जागी एक तरुण, चपळ, उजळ आवाज गात होता.

दोष प्लेटचा नव्हता. त्याच्या मशीनचा खटका आजवर तेहतीस आणि अठ्ठ्याहत्तर या दोनच वेगांवर बसे. मधला पंचेचाळीस गंजून गेला होता. नगरच्या जुन्या बाजारातून आणलेली ही छोटी इंग्रजी प्लेट अठ्ठ्याहत्तरवर चिरकत असे, म्हणून त्याने ती तेहतीसवर लावली आणि निघाला तोच तिचा आवाज मानला. परवा कारागिराने खटका दुरुस्त करून दिला. पंचेचाळीसचा आकडा प्लेटवर पहिल्यापासून छापलेला होता. तो बघायचे सोपानला सुचलेच नव्हते.

चूक त्याच्यापुरती राहिली असती तर बिघडले नसते. पण त्या आवाजाच्या भरवशावर विमलबाई आज उभी राहणार होती.

विमलबाई सहादूदादांच्या गायन पार्टीत मागे उभी राहून कोरस म्हणे. तिचा आवाज जाड. बायकांत मिसळत नसे. दादा थट्टेने म्हणत, "विमल, तू म्होरं आलीस तर लोक म्हनतील, सहादूच लुगडं नेसून आलाय." सगळे हसत. तीही हसे, आणि पुढचे कडवे आणखी दबून म्हणे.

मग तिने ही प्लेट ऐकली. पाकिटावर चित्र होते: काळीसावळी बाई, रुंद कपाळ, डोळे थेट समोर. पाठीमागचा मजकूर शाळेतल्या गुरुजींनी वाचून सांगितला होता. बाई अमेरिकेची, तिकडे दुसऱ्यांच्या मागे कोरस म्हणत असे, पुढे विलायतेत गेली, आणि तिथे तिच्या स्वतःच्या नावाने प्लेटा निघाल्या. तेव्हापासून दुष्काळी कामावर खडी फोडून परतताना विमलबाई सोपानच्या दाराशी थांबे आणि एकदा ती प्लेट ऐकून जाई. गेल्या आठवड्यात तिने दादांकडे गाणे मागितले. एकटीचे. दादा पेटीचा भाता मिटून म्हणाले, "एकच. लोक हसले, तर पुन्यांदा मागायचं न्हाई."

मंडपाच्या कनातीशी पावले वाजली. धुवट पांढरे पातळ नेसलेली विमलबाई आत आली.

"सोपान, एकडाव लाव तिला. मग जाते दादाकडं."

सोपानचे बोट खटक्यावर होते. तेहतीसचा अंक तिथून अर्ध्या बोटावर. तिला काही कळले नसते. कुणालाच कळले नसते. विमलबाई पाकीट हातात घेऊन पदराच्या टोकाने त्या चित्राचे तोंड पुसत होती, उन्हातून आलेल्या पाहुणीचे पुसावे तसे. ते पाहिल्यावर त्याचे बोट हलेना.

"विमलबाई," तो म्हणाला, "इतके दिवस मी प्लेट चुकीची लावत हुतो."

त्याने सुई सोडली. तिने उभ्यानेच ऐकले. गाणे नेहमीपेक्षा लवकर संपले.

"ही तर पोरगी हाय," ती म्हणाली.

"व्हय. ह्योच तिचा खरा आवाज."

"ग्वाड हाय. मग आपन ऐकत हुतो ती कोन?"

"कोनीच न्हाई. मशीन हळू फिरत हुतं, एवढंच."

"अमेरिकेत न्हाई?"

"न्हाई."

"विलायतेत?"

"कुटंच न्हाई. तसला आवाज कुनाचाच न्हाई."

सोपान वायरींकडे बघत राहिला. आता ती घरी जाईल, असे त्याला वाटले.

बाहेरून दादांची हाक आली, "विमल, येतीस का? का मीच नेसू लुगडं?"

तिने प्लेट पाकिटात सरकवली आणि पाकीट जपून त्याच्या हातात दिले.

"कुनाचाच न्हाई," ती म्हणाली, "म्हंजी मोकळाच हाय की तो."

ती माईकपाशी गेली. दांडी दादांच्या उंचीला बांधली होती; तिने ती स्वतःच खाली ओढली. ऊन कलले होते; दादा पेटी घेऊन आत आले, मागोमाग लोकही. त्यांनी नेहमीचा सूर धरला. तिने त्या सुराकडे लक्षच दिले नाही. डोळे मिटून आपल्या ठिकाणाहून पहिली ओळ उचलली. सावकाश. घाई नसलेली. दादांची बोटे क्षणभर अडखळली, मग एकेक पट्टी उतरत तिच्या सुराशी येऊन थांबली.

विमलबाई गायला लागली की माईकचा आवाज कमी करायचा, असा दादांचा जुना हुकूम होता. सवयीने सोपानचा हात बटनाकडे गेला. दादांनी त्याच्याकडे पाहिले, आणि मान हलवून नको म्हटले.

लिंबाला बांधलेल्या कर्ण्यातून तो आवाज प्रवरेच्या उघड्या वाळूवरून पलीकडे गेला. तिकडच्या डोहावर धुणे आपटणारी एक बाई हात थांबवून उभी राहिली, आणि कपाळाशी ओला हात धरून, कोण गाते आहे ते बघू लागली.