एकाच हातच्या एकतीस गोष्टी

"एकतीस खाती एकाच फोनवरनं उघडल्यात," मैत्री म्हणाली. "आणि तू म्हणतोस, तुला काय म्हाईत न्हाय."

समर्थनं लॅपटॉपकडं बघत चहाचा घोट घेतला. "न्हाय म्हाईत."

कॉलेजच्या कँटीनमध्ये चार वाजताची गर्दी होती. दोघांचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे 'लिवा की' नावाची वेबसाइट. बेळगाव ते निपाणी पट्ट्यातल्या हौशी लेखकांनी तिथं यायचं, आपली गोष्ट टाकायची आणि दुसऱ्याच्या गोष्टीवर दोन शब्द लिहायचे. पन्नास सदस्यांची अट होती. माधवी मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "कमी पडले तर गुण कापू. पण खोटं खातं सापडलं तर थेट शून्य."

शून्य म्हणजे वर्ष गेलं, आणि मैत्रीला वर्ष घालवणं परवडणारं नव्हतं. उद्यमबागेतल्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती, निकाल लागताच हजर व्हायचं होतं. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. सकाळी आठला आत गेलेली बाई संध्याकाळी खोकतच बाहेर पडायची. मैत्रीचा पहिला पगार झाला की आईनं वखार सोडायची, असं मायलेकींचं ठरलं होतं.

दोन महिने सदस्यांचा आकडा एकोणीसवर अडून बसला होता. मग तीन आठवड्यांत एकदम एकतीस जण आले. समर्थ खूश झाला. मैत्रीला मात्र पाणी कुठंतरी मुरतंय असं वाटू लागलं.

मॅडमनाही तसंच वाटलं. "नोंदणी फार सोपी ठेवलीयस तू," त्या म्हणाल्या होत्या. "ना फोन नंबर, ना ओळखपत्र."

"सोपीच पाहिजे, मॅडम. सातवी शिकलेल्या माझ्या आईला दिवाळीत माझ्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत जमली."

आता तो सोपेपणाच अंगाशी येत होता. एकतीसही नावं बायकांची होती आणि तीही जुन्या वळणाची. गुणाबाई, शालूबाई, मनुबाई. अशी नावं हल्ली ठेवतं कोण? ही नक्कीच कुणातरी टवाळ पोराची करामत असणार. सगळ्या गोष्टी दुपारी एक ते दीडच्या दरम्यान यायच्या, आणि नेमका त्याच वेळी समर्थ कॉलेजमधून गायब असायचा.

"एक वाजला की कुठं जातोस रं?" तिनं विचारलं.

"उद्यमबागेत. अण्णाला डबा द्यायला."

"रोज?"

"अण्णा रोज जेवतोय."

तो हसला. मैत्री हसली नाही. एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणसाच्या सरळ उत्तरालाही वास येऊ लागतो.

त्या संध्याकाळी तिनं एकतीसही गोष्टी सलग वाचल्या. लिहिणारा हात एकच होता, त्यात शंकाच नव्हती. तीच तुटक वाक्यं होती आणि विरामचिन्हांचा तोच दुष्काळ. पण गोष्टी चांगल्या होत्या, फार चांगल्या. गुणाबाईच्या गोष्टीत नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई फक्त एक कोंबडी काखेत घेऊन निघते. पहिल्या मुक्कामाला कोंबडी अंडं देते. बाई उपाशी असते, पण अंडं खात नाही, उबवायला ठेवते. ते वाचताना मैत्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यामुळं तिचा राग आणखीच वाढला. एवढं लिहिता येतं तर हा गडी स्वतःच्या नावानं का लिहीत नाही?

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला शेवटची संधी दिली. "कबूल कर. आपण दोघं मिळून मॅडमना सांगू."

"न केलेलं काय कबूल करू?" समर्थचा आवाज चढला. "दोन वर्षं संगं काम केलंय आपण, मैत्री. एवढंच ओळखलंस व्हय मला?"

चोराच्या उलट्या बोंबा, मैत्री मनात म्हणाली आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडमनी नोंदी पाहिल्या. फोन एक, वेळ एक, हात एक. "बाहेरचे परीक्षक उद्या येतायत," त्या म्हणाल्या. "ही खाती तोवर राहिली तर तुम्ही दोघंही बुडाल."

मैत्रीनं तिथंच बसून एकतीसही खाती निवडली. खात्यांसोबत गोष्टीही कायमच्या जातील, परत मिळणार नाहीत, असं पडद्यावर आलं. कोंबडीच्या गोष्टीपाशी तिचं बोट क्षणभर थांबलं. मग तिनं बटण दाबलं.

परीक्षा छान झाली. सदस्य एकोणीसच का, असं परीक्षकांनी विचारलं, तेव्हा तिनं घडलेलं सगळं सांगितलं. "प्रामाणिकपणा शिकवून येत नाही," ते म्हणाले आणि गुण फारसे कापले नाहीत. समर्थचं नाव प्रकल्पातून काढलं. त्याला पुढच्या सहामाहीत नव्यानं सुरुवात करायची होती. तो तिच्याकडं न बघताच निघून गेला. मैत्रीला वाईट वाटलं, पण आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. तिनं आईला फोन करून पास झाल्याचं कळवलं आणि शनिवारी निपाणीची बस धरली.

घराच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. आत वखारीतल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. सगळ्या तिच्या लहानपणापासूनच्या ओळखीच्या. सागरची आई, नळाजवळची मावशी, थोरली मावशी. त्यांची नावं विचारायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

"आली बघा माझी लेक," आई खोकत उठली आणि तिनं मैत्रीचा हात धरून तिला मधोमध बसवलं. "ही गुणाबाई. ही शालूबाई. ती मनुबाई. तुला पन्नास मानसं पायजे हुती न्हवं? परीक्षा झाल्याबिगर सांगायचं न्हाय, असं ठरीवलं हुतं आमी. जेवणाच्या सुट्टीत ह्या सांगायच्या, मी फोनवर लिवायची, तवर भोंगा व्हायचा. ह्यास्नी वाचाय येत न्हाय, आनि मला वाचून दाखवाय येळ घावला न्हाय. एकीनंबी आपली गोष्ट अजून ऐकल्याली न्हाय बघ. काढ तुझा तो लॅपटॉप, आनि एकेकीची वाच."