दुसरी खुर्ची

"आणखी एक खुर्ची लागंल," वनमालाबाई म्हणाल्या. "आमी जोडीनं येतो."

तेजश्रीने दुसरी खुर्ची ओढून आणली. सलग अकरावा दिवस. त्या खुर्चीवर अजून कोणी बसलं नव्हतं.

विद्यापीठाने घाटनांदूरच्या रस्त्यावर नवंकोरं केंद्र उघडलं होतं. नाव एवढं लांब की पाटीवर दोन ओळी लागल्या: विद्यार्थी उद्योजकता व समाज समावेशन केंद्र. नियम मात्र सोपा. विद्यार्थ्याने आसपासच्या गावातलं एक कसबी माणूस भागीदार म्हणून आणायचं, दोघांनी मिळून वस्तू बनवायची. गाळा आधी थोडे दिवस वापरून बघायला, समितीला पटलं की वर्षभरासाठी.

तेजश्रीला चार नंबरचा गाळा हवाच होता. ऊसतोडीत दोन माणसांचा मिळून एक कोयता धरतात, आणि तिची वहिनी गरोदर असल्याने भागवतदादाचा कोयता यंदा अर्धा पडला होता.

"गाळा भेटला तर शीक," दादाने बजावलं होतं. "न्हाई तर दिवाळीनंतर माझ्यासंगं फडावर चल."

भागीदार शोधून शोधून तिच्या चपलेचा अंगठा तुटला. कुणी तयार होईना. आणि मग एका सकाळी वनमालाबाई आपणहून गाळ्यात येऊन बसलेल्या. हिरवी साडी, घडीच्या रेघाही न मोडलेल्या. कपाळभर कुंकू. कोपरापर्यंत चुडा. अंगाला उसाच्या वाळल्या पाचटाचा वास.

"गोधडी शिवायला येती का तुला?"

"थोडी थोडी."

"म्हंजी न्हाई येत. बस."

तेव्हापासून बाई सांगायच्या आणि तेजश्री शिवायची. "टाका बारीक घे गं! पोतं शिवतीस का काय?" आठवडाभरात तेजश्रीचा टाका असा बसला की तिचा तिलाच विश्वास बसेना.

बाईंची एकच तऱ्हा. रोज दोन खुर्च्या, रोज दोन चहा.

"त्ये आल्याबिगर मी च्या घेत न्हाई," बाई म्हणायच्या. "सटवा नाव हाय त्येंचं, पल्याडच्या वस्तीवर ऱ्हात्यात. नंबर लिव्ह. फोन केलास की येतेल."

तेजश्री स्वतः चहा पीत नसे. कॅन्टीनच्या छबुबाई कप उचलायला आल्या की कुरकुरायच्या, "दोनीबी भरलेलेच! माझ्या च्याला काय झालंय गं?"

एकदा कॅन्टीनमध्ये जाऊन तेजश्रीने हळूच विचारलं, "मावशी, वस्तीवरचे सटवामामा माहीत आहेत का?"

"सटवा आन् वनमालाचा कोयता व्हय? कानावर आलंय. त्यातलं एक माणूस गेलं की मागल्या हंगामात. फडातच साप लागला." पुढे काही बोलायच्या आत दूध उतू गेलं आणि छबुबाई शेगडीकडे धावल्या.

तेजश्री गाळ्यात परतली, तर बाई रिकाम्या खुर्चीवरची धूळ पदराने पुसत होत्या. ते कुंकू, तो चुडा. बाईंनी नवऱ्याचं मरण मानलंच नव्हतं तर! त्या दिवसापासून दुसरी खुर्ची ती न सांगता आणू लागली.

गुरुवारी केंद्राचे समन्वयक मोहनराव दारात उभे राहिले. बाहेरचं माणूस आलं की बाई भिंतीकडे तोंड करायच्या, तसं आताही केलं.

"काय गं, दोन-दोन खुर्च्या अडवून बसलीस. हजेरीच्या मशीनवर तर एक अंगठा नाही तुझ्या भागीदाराचा."

"सर, उमटतच नाही. कोयत्याने रेषा गेल्यात हाताच्या."

"ते उद्या समितीला सांग. फॉर्मवर फोटो आणि समोर भागीदार. नाही तर चार नंबर दुसऱ्याला."

ते गेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "माझा फोटो त्येंच्याजवळ हाय. लाव फोन."

मेलेल्या माणसाला फोन लावायचा? पण बाई टक लावून बघत होत्या. निदान त्यांची समजूत पटेल, म्हणून तेजश्रीने नंबर दाबला.

तिसऱ्या रिंगला कुणीतरी उचलला.

"कोण हाय?" पुरुषाचा आवाज. "सटवा बोलतोय."

तिने नंबर परत बघितला. तोच होता. मग ती बोलली. "सेंटरमधून... वनमालाबाईंचा फोटो हवाय. उद्या आणाल?"

त्याने सेंटरचा पत्ता दोनदा विचारून घेतला. मग, "आणतो."

शुक्रवारी अकराच्या ठोक्याला बाई मान वर करून म्हणाल्या, "आले."

तेजश्री वळली. दारात एक वाळका माणूस उभा होता, काखेत पिशवी. तिने आधी त्याचे पाय बघितले. सरळ होते. सावलीही होती. मग बाईंना सांगायला वळली, तर खुर्ची रिकामी, मागचं दार उघडं. नवऱ्याला बघून लाजल्या वाटतं!

"फोन तूच केलतास ना, पोरी?"

"हो. मामा, तुम्ही... म्हणजे तुम्ही आहात?"

"हाय की. दिसत न्हाई व्हय तुला?"

तो दुसऱ्या खुर्चीवर बसला. समोरचा चहा त्याने बशीत ओतला आणि फुर्र करून प्यायला. तेजश्रीला हसूच फुटलं. छबुबाईंचं काहीही! म्हणे माणूस गेलं!

सटवाने गोधडीवरून हात फिरवला आणि एका टाक्यापाशी थांबला. "हा टाका कुणी शिकिवला तुला?"

"वनमालामावशींनीच की. येतील आत्ता. मामा, फोटो आणलाय ना? समिती निघालीय तिकडून."

त्याने टाक्यावरचा हात उचलला. मग त्याने मोबाइल काढला.

"एकच हाय. आमी कदी काढलाच न्हाई. ह्यो मुकादमानं काढलता, फडात."

तेजश्रीने मोबाइल हातात घेतला. तीच हिरवी साडी, घडीच्या रेघाही न मोडलेल्या. कपाळभर कुंकू, कोपरापर्यंत चुडा. खाली पाचटाचं अंथरूण, आणि दोन्ही नाकपुड्यांत कापूस.