तीन वाजेपर्यंत

दुपारी एक ते तीन या वेळात भाड्यानं दिलेल्या छोट्या बागांच्या वसाहतीत कुणी आवाज करायचा नाही, एवढ्याच कारणानं ग्रेफबाईंचं आयबेचं, म्हणजे यूचं, विषारी झाड अजून उभं होतं. क्लाप्रोट यांत्रिक करवत घेऊन पोचले, तेव्हा एकचे ठोके नुकतेच पडून गेले होते. वसाहतीचे अध्यक्ष तेच, आणि शांततेची पाटीही त्यांनीच रंगवलेली. करवत गवतावर ठेवून ते बाकावर टेकले. ज्यांचं झाड तोडायचं होतं, त्या ग्रेफबाईंनीच त्यांच्यापुढे कॉफी आणि आलुबुखारचा केक ठेवला.

"तूही ये गं," ग्रेफबाईंनी कुंपणापलीकडच्या फ्राउकेला हाक मारली. "तक्रार करणाऱ्याला मोठा तुकडा."

फ्राउके आली. लेकीचा, तिल्डाचा हात तिनं घट्ट धरला होता. तक्रार तिचीच होती. पोर चार वर्षांची, आणि शेजारी हे काळपट हिरवं झाड, पोराच्याही हाताला येतील अशा लाल फळांनी लगडलेलं. त्या फळातली बी चावली गेली तर धडधाकट माणसाचंही हृदय बंद पडतं, असं तिनं वाचलं होतं. तिचं वाचन दांडगं होतं. विषारी झाडं, आटत चाललेल्या नद्या, मधमाश्या, काही सुटायचं नाही.

"अहो क्लाप्रोट," ग्रेफबाई केक कापता कापता म्हणाल्या, "देशी झाडंच ठेवायची, हा गेल्या वर्षीचा ठराव तुमचाच ना? माझं जपानी मेपल नेलंत. आता बागेत अस्सल देशी हे एकच उरलंय, तर यालाच करवत."

"हळू बोला. तो ठराव वेगळा, हा विषारी झाडांचा वेगळा."

"दोन्ही पाळले तर नुसते बटाटे उरतील."

क्लाप्रोटनी मान डोलावली.

"आणि बटाटाही देशी नाही."

क्लाप्रोटनी केकचा मोठा घास घेतला.

फ्राउकेला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. या बाईची बागेवरची पुस्तकं तिच्या आईच्या घरात होती. पेपरातलं तिचं सदर मात्र फ्राउके दर शनिवारी चिडून वाचायची. उन्हाळा तापला तर टोमॅटो गोड होतील, असं लिहिणारी ही बाई.

"जंगलं मरणार, असं मी चाळिशीत ऐकलं," ग्रेफबाई तिच्याकडे वळून म्हणाल्या. "आता एकोणऐंशीची आहे. पानं अजून मलाच झाडावी लागतात."

"लोक घाबरले म्हणून राहिली ती पानं," फ्राउके म्हणाली. आवाज चढायला लागला तसा तिनं खाली आणला. "कारखान्यांच्या धुराड्यांवर गाळण्या कुणी बसवायला लावल्या? तुमच्यासारख्यांनी?"

ग्रेफबाईंनी कपात साखर ढवळली. "नाही. ते खरं आहे."

"मग लिहा तसं."

"भित्र्यांना पेपरात बाकीची सगळी पानं आहेत. मला एक कोपरा राहू दे."

वाद आणि कॉफी लांबत गेली; तीन वाजत आले तेव्हा फ्राउकेच्या लक्षात आलं, की आपल्या हातात आता हात नाही.

तिल्डा झाडाखाली होती. तिनं एक फळ तोडलं, दोन बोटांत दाबलं. काळसर बी बाहेर आली, ती तिनं गवतात फेकली, आणि उरलेला लाल गर जिभेवर ठेवला. फ्राउके धावत पोचेपर्यंत पोरगी बोटं चाटत होती.

"तोंड उघड. उघड आधी."

तोंडात काही नव्हतं. जीभ तेवढी लाल.

"नुसता गर खाल्ला तर चालतो," ग्रेफबाई मागून म्हणाल्या. "विष त्याच्याखेरीज बाकी सगळ्यात. मी शिकवलंय तिला. आणि मी समोर असल्याशिवाय हात लावायचा नाही, हेही."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"अर्थात म्हणाले असते. मी आई आहे तिची."

"हो," ग्रेफबाई म्हणाल्या. "कुंपणातून हात घालताना पाहिलं मी तिला. ओरडायचं की शिकवायचं, सुचेना. पहिल्या दिवशी मीच भ्याले होते, फ्राउके. ती घरी गेल्यावर मी गवत चाचपून त्या बिया शोधल्या. सगळ्या मिळाल्या, तेव्हा कुठे बसले." त्यांनी क्लाप्रोटकडे पाहिलं. "हे कुठे बोलू नका. माझं सदर बंद पडेल."

क्लाप्रोट म्हणाले, आपल्याला काहीच ऐकू आलेलं नाही, शांततेची वेळ आहे.

फ्राउके झाडाखालीच उभी राहिली. पोरीच्या अंगाला गवताचा वास येत होता. उन्हानं भाजल्यासारखे लाल गाल, गुडघ्यावर माती, आणि चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. नुसती एक दक्षता, जी फ्राउकेला ओळखीची वाटली.

"कसं लागतं गं?" तिनं विचारलं.

"गोड. चिकट. तू खा."

फ्राउकेनं हात वर केला. फळ मऊ होतं, मेणासारखं. दाबून बी काढायची हे तिनं आत्ताच पाहिलं होतं, तरी लेकीकडे बघता बघता तिनं ते अख्खंच तोंडात टाकलं. खरंच गोड होतं. जिभेला मधोमध ती कठीण बी लागली आणि ती जागच्या जागी थिजली.

चर्चमध्ये तीनचे ठोके पडले. क्लाप्रोट उठले, पाटलोणीवरचा चुरा झटकला, करवतीच्या मुठीवर हात ठेवला. ग्रेफबाई बसूनच राहिल्या. दोघंही फ्राउकेकडे बघत होते.

"मग," क्लाप्रोटनी विचारलं, "तोडू का?"

फ्राउकेला बोलता येईना. तिनं जोरानं मान हलवली, नाही म्हणून.

"आई, चावू नकोस हं," तिल्डा म्हणाली, आणि टाचा उंचावून तिनं आपली चिमुकली ओंजळ आईच्या हनुवटीखाली धरली.