केर्तूचं वाक्य

रेमेदियोसने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि केर्तूने आत डोकावून पाहिलं. पातळसर भातात वरपर्यंत कोळंबी होती.

"सकाळपासून सोलतेय," रेमेदियोस म्हणाली. "फिनलंडहून पोर येणार, तिला आपल्या कादिझचं काय खायला घालायचं? म्हटलं, हेच." आणि पहिला डाव तिने केर्तूच्याच ताटलीत ओतला.

केर्तूची बॅग अजून दाराशीच उभी होती. चार महिने स्पेनमधल्या या घरी राहायचं आणि इथल्या विद्यापीठात शिकायचं. सकाळी गाडीतून उतरून ती थेट वर्गात गेली होती. तिथे प्रत्येकाने उभं राहून आपलं नाव सांगायचं होतं. पाळी जवळ आली तशी केर्तू उठून बाहेर गेली, ती तास संपेपर्यंत परतलीच नाही.

"मला को... को..."

"कोक हवं?" रेमेदियोसची मुलगी रेग्ला उठलीच.

केर्तूने मान हलवली. "को..."

"कोशिंबीर!" सेलेदोनिओ आजोबा म्हणाले. "कोशिंबीर मागतेय पोर. मी म्हटलं नव्हतं, नुसता भात कोरडा लागतो?"

"रस्सा दिसत नाही का बाबा तुम्हाला? कोरडा कसला!" रेमेदियोस केर्तूकडे वळली. "कोकरू म्हणतेयस का गं? रविवारी करू हं."

तिघंही एकदम बोलत होती. केर्तूची मान ताणली गेली, डोळे आपोआप मिटले. शब्द ओठांच्या आतच घट्ट बसला होता. शेवटी तिने ताटलीतल्या कोळंबीकडे बोट दाखवलं.

"आवडली ना!" रेमेदियोस खुलली. तिने आणखी दोन मोठ्या निवडून वाढल्या.

घरी, तुर्कू शहरात, अशा वेळी आई बोलायची. दुकानात, दवाखान्यात, शाळेत, केर्तूने तोंड उघडलं की उरलेलं आई पुरं करायची. लहानपणी एकदा कोळंबीचा एकच घास पोटात गेला होता. तेव्हा रुग्णवाहिकेतल्या माणसांशीही आईच बोलली होती.

"खा, गार होतंय," रेमेदियोस म्हणाली.

केर्तूने खुर्ची मागे सरकवली. समोर बाथरूमचं दार होतं. सकाळसारखंच उठून जाता आलं असतं. पण जेवण उद्याही होतं, परवाही होतं. ती उठली नाही. तिने ताटलीवर हात आडवा धरला.

"नाही!"

हा शब्द मात्र अडला नाही. तिला वाटलं होतं त्यापेक्षा बराच मोठ्याने निघाला. तिघंही तिच्याकडे वळली.

"मला शब्द येतो," केर्तू म्हणाली. "मी अ-अडखळते. फिनिशमध्येही अ... अडखळते. लहानपणापासून. आणि को... को..."

या वेळी कुणी मध्ये बोललं नाही. आजोबांचा चमचा हवेतच राहिला.

"कोळंबी खाल्ली तर माझा घसा सुजतो. श्वास ब-बंद होतो."

रेग्लाने ताटली अशी ओढली की रस्सा टेबलावर सांडला. रेमेदियोसने घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली.

"आई गं! पहिल्याच दिवशी मारलीच असती मी हिला!"

केर्तूने मान खाली घातली. आता ते तोंड दिसेल, हे तिला माहीत होतं. दया आली की माणसं जे तोंड करतात ते.

"थांब, थांब," आजोबा म्हणाले. "म्हणजे हिला स्पॅनिश येतं?"

"येतं की," केर्तू म्हणाली.

"सगळं?"

"बरंचसं."

आजोबांनी चमचा खाली ठेवला आणि ते खुर्चीत मागे रेलले. "सुटलो रे देवा! आठवडाभर झोप नाही मला. ही रेमेदियोस सांगत होती, फोन केला की पोरगी नुसती श्वास घेते आणि ठेवून देते. काही म्हणजे काही येत नाही तिला. मग चार महिने काय, हातवारे करत बसायचं? या वयात?"

"आरशासमोर सराव चालला होता यांचा," रेग्ला म्हणाली. "आजोबा, 'दूध' कसं करत होतात, दाखवा ना तिला."

"गप्प बस."

"दाखवा हो!"

आजोबांनी नाइलाजाने दोन्ही हात पुढे केले आणि हवेत गाय पिळली. केर्तूला हसू फुटलं, ते आवरेच ना. हसताना ती अडखळत नव्हती.

रेमेदियोसने तवा घासला, पुन्हा घासला, वास घेऊन पाहिला आणि दोन अंडी तळून आणली. सोबत बटाटे. टेबलावर आता भांडण जुंपलं होतं. हिला काय चालत नाही हे आधी कुणी विचारायला हवं होतं, रेमेदियोसने की रेग्लाने?

"तु... तुर्कूला आमच्याकडे..." केर्तूने सुरुवात केली.

रेग्लाने मध्येच आपलं काही सांगितलं. तिला आजोबांनी तोडलं. आजोबांना रेमेदियोसने. केर्तू एकेकाकडे बघत राहिली. इथे कुणीच कुणाचं पुरं होऊ देत नव्हतं, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

तिने काटा टेबलावर आपटला. "थांबा! माझं सं... संपलं नाही अजून!"

"मग ओरड की!" रेग्ला म्हणाली. "इथे पाळीची वाट बघशील तर नाताळ उजाडेल."

आजोबांनी तेवढ्यात पुन्हा तोंड उघडलंच होतं. केर्तूने बटाट्याचा घास गिळला आणि त्यांच्याहून आवाज चढवून पुन्हा 'तु... तु...'पासून सुरुवात केली.