जपानचा कायदा

“घटस्फोटाचा कागद आहे हो. पण जपानचा कायदा कुठाय?” कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलाने पुन्हा तेच विचारलं.

“अख्खा देशच उचलून आणू का?” पासिंग कडाडली.

इलोइलोच्या या कोर्टाने तिचं डोकं उठवलं होतं. तिची मुलगी जोवेलिन जपानी नवऱ्यापासून कधीच मोकळी झाली होती, पण तिकडे. इकडे फिलिपिन्समध्ये ती अजून त्याचीच बायको. परदेशातला घटस्फोट इथे मानायचा, तर तिथला कायदा सही-शिक्क्यानिशी जज्जापुढे ठेवावा लागतो. तोवर दुसरं लग्न नाही. पासिंगने तर दोन स्थळंही हेरून ठेवलेली. जपानला लिहायचं काम जोवेलिनचं. ती भाषा घरात तिलाच येई. दर तारखेला ती आईला म्हणे, “अजून नाही आला, नानाय,” आणि पासिंग साऱ्या जपानचा उद्धार करी.

तेवढ्यात घाम पुसत मोरिहिको जिना चढून आला. तोच तो नवरा. हातात जाड लिफाफा. आधी वाकून त्याने पासिंगचा हात घेतला आणि कपाळाला लावला, घरच्या जावयासारखा. तिला हात काढून घ्यायचंही सुचलं नाही.

“वकीलसाहेबांनी कंटाळून मलाच लिहिलं,” तो अडखळत म्हणाला. “हा कायदा. शिक्के, भाषांतर, सगळं आहे.”

“आज उजाडलं होय रे? आजारी आईला सोडवेना म्हणून माझ्या पोरीला सोडलंस. वर एक कागद पाठवायला इतकी वर्षं?”

“आई गेली, नानाय. आणि कागद...” तो गोंधळला. “जोवेलिनने कधी मागितलाच नाही. दर रविवारी तर फोनवर बोलतो आम्ही.”

पासिंगने मान वळवली. शेजारी उभी जोवेलिन फरशीकडे बघत होती. कान लालबुंद.

“काय गं?”

“तिकडे सुटलं, नानाय,” ती पुटपुटली. “इकडे तरी राहू दे म्हटलं.”

पासिंगने लिफाफा मोरिहिकोच्या हातातून ओढला आणि पिशवीत, सुक्या मासळीखाली कोंबला. वकील “अहो, अहो” करत राहिला.

पुकारा झाला. जज्जाने चष्म्यावरून पाहिलं. वकिलाने तोंड उघडायच्या आत पासिंगच उभी राहिली.

“जपानहून कायदा नाही आला, साहेब. जावई आला.”