आठवड्याला वीस

"खोट्या नावानं मी कुणाशी बोलणार न्हाय, साहेब," इफ्रा म्हणाली आणि उदयसिंहांनी पुढ्यात ठेवलेली चार नवी सिमकार्डं तिनं त्यांच्याकडंच सरकवली.

अक्कलकोट रोडवरच्या त्या टॉवेल कारखान्यात मालकाला असं तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. पण इफ्रा ती इफ्राच. विक्रीच्या टेबलावर सहाजण बसायचे. ऑनलाइन खात्यावर हुद्दा सगळ्यांचाच 'व्यवस्थापक', समोरच्यावर वजन पडावं म्हणून. काम एकच. धंदेवाल्यांच्या नेटवर्कवर हॉटेलांचे खरेदीवाले हुडकायचे आणि त्यांना ओळखीची विनंती पाठवायची. पूर्वी दिवसाला शंभर जायच्या. मजकूर तोच, नुसतं नाव बदलायचं. आता नेटवर्कनं लगाम आवळला होता. आठवड्याला वीस, वर एकही नाही. बाकीच्या पाचजणांनी निमूटपणे खोटी खाती उघडली. नंदीश तर एका खात्यावर गोरीपान बाई होऊन बसला होता.

इफ्राला उदयसिंहांनी महिन्याची मुदत दिली. एक मोठी ऑर्डर आण, नाहीतर घरी बस. मागाचं काम सुटल्यापासून तिचे अब्बा हुसेनसाब घरीच होते आणि चूल इफ्राच्या पगारावर पेटत होती. तरी ती हटली नाही. शंभर दारं बडवण्यापेक्षा वीस दारं नीट वाजवीन, असं तिनं अब्बांना सांगितलं.

"झुकू नको," अब्बा एवढंच म्हणाले.

माणूस बघून, त्याचं सगळं वाचून ती एकेकाला लिहायला लागली. एकोणीसजण गप्प बसले. विसाव्या अंकिता मॅडम, पुण्याच्या. पन्नास हॉटेलांच्या लाँड्र्यांशी त्यांच्या कंपनीचा संबंध, असं खात्यावर लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं आणि इफ्राला आभाळ ठेंगणं झालं.

अंकिता मॅडम इतरांसारख्या पहिल्या झटक्यात भावावर आल्या नाहीत. बारीक चौकशी करायच्या. रोज किती डझन निघतात? कापसाचं तूस किती सुटतं? कारखान्यात शेवटचा शब्द कोणाचा? इफ्रानं खरं ते लिहिलं. पहिल्या दोन धुण्यांत तूस लई सुटतं, हेसुद्धा. शेवटच्या प्रश्नाला मात्र 'साहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत' असं ठोकून दिलं. धंद्यात एवढं चालतंय की.

उदयसिंहांनी तिच्या मोबाइलवर ती तुसाची ओळ वाचली आणि त्यांचा पारा चढला. आपल्याच मालाची बदनामी? अकलेचं दिवाळं निघालं काय, म्हणून सगळ्यांदेखत झापलं.

"गिऱ्हाइकाला धुतल्यावर कळणारच हाय," इफ्रा म्हणाली. "आधीच सांगितलं तर बिघडलं कुटं?"

अंकिता मॅडमचं उत्तर आलं, 'तुमची अडचण ती आता माझी अडचण.' इफ्रानं ते नंदीशला मुद्दाम दाखवलं. त्यानं तोंड वाकडं केलं. पुढच्या आठवड्यात नेटवर्कनं पाचही जणांची खोटी खाती बंद केली आणि गोरीपान बाईही गेली. इफ्राला मनापासून आनंद झाला, आणि तो तिनं लपवला नाही.

महिनाअखेरच्या शनिवारी उदयसिंह राजीनामा टाइप करूनच घेऊन आले. सही कर म्हणाले. तेवढ्यात इफ्राच्या मोबाइलवर अंकिता मॅडमचा लांबलचक निरोप आला. पहिली ओळ वाचून ती ताठ उभी राहिली.

"मोठ्यानं वाचते. सगळ्यांनी ऐका."

"'इफ्रा मॅडम, इतकं खरं बोलणारं माणूस मला या धंद्यात दुसरं भेटलं नाही. तूस सुटतं हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत, तेव्हाच मी ठरवलं, बाकीची सगळी नावं सोडायची आणि तुमचाच कारखाना धरायचा. आमच्या साहेबांनाही तसं ठणकावून सांगितलं.'"

उदयसिंहांनी राजीनाम्याची घडी घातली. इफ्रानं आवाज आणखी चढवला.

"'तुमचं रोजचं उत्पादन बघता तूस काढायची आमची तीन मशीनं तुम्हाला पुरतील. तीन नाही तर निदान एक तरी आजच घ्या. संध्याकाळपर्यंत एकही विकलं गेलं नाही, तर माझी नोकरी जाते.'"